शिकारखान्यापासून मत्स्यालयापर्यंत

सुट्टी लागली की घरोघर मुलांचा एकच धोशा सुरू होतो. वाघ दाखवा, हत्ती दाखवा, काचेतले मासे दाखवा. मग एखादा दिवस ठरतो. पहाटे उठून दशम्या, लसणाची चटणी आणि चार केळी अशी शिदोरी बांधली जाते. आजी आधी ‘मला मेलीला काय करायचेत वाघ नि मासे’ म्हणते आणि एस.टी. लागली की सर्वांच्या आधी खिडकीपाशी जाऊन बसते. संध्याकाळी सगळी मंडळी दमून परततात, पण पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नसतो. शाळेतले गुरुजीही वर्षातून एकदा चाळीस-पन्नास मुले घेऊन हीच वाट धरतात.

ही सहल आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. पण पाहा, कुणीही तिकीट काढावे, आत जावे आणि वाघाकडे किंवा माशाकडे मन भरेपर्यंत पाहावे, ही गोष्ट जगात फार जुनी नाही. तिच्यामागे राजेरजवाड्यांचा शौक आहे, एका रसायनशास्त्रज्ञाची चिकाटी आहे, काचेवरचा कर आहे आणि आपल्याच मुळा-मुठेच्या काठी रुळलेली माशांची नावेही आहेत. ती हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. ती कळली म्हणजे पुढच्या सहलीत काय पाहायचे आणि पाहून झाल्यावर काय करायचे, याचा उलगडा होईल.

पूर्वी जंगली जनावरे बाळगणे हा राजाचा मान होता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ल्यावे, कशाने मन रमवावे, हे सगळे त्यात आहे. हत्तींच्या खेळांबरोबरच माशांच्या शिकारीवरही त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. कोणते मासे कुठे राहतात, कोणत्या माशाला कोणते आमिष द्यावे, याची बारीक माहिती राजाने दिली आहे. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी या दख्खनमध्ये माशांकडे डोळसपणे पाहिले जात होते. मात्र ते पाहणे राजाच्या करमणुकीसाठी होते.

पुढे पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांना जनावरांचा मोठा नाद. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. त्यात गेंडासुद्धा होता. गंगाराम चिंतामण तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकाराने १७९० साली त्या गेंड्याचे काढलेले चित्र आजही पाहायला मिळते. गेंडा दख्खनचा प्राणी नव्हे. तो दूरदेशाहून आणून पुण्यात राखायचा म्हणजे खर्च किती आणि माणसे किती लागली असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. हा सारा थाट राजघराण्याचा. सामान्य माणसाच्या वाट्याला येई ते दरवेशाचे अस्वल, मदाऱ्याचे माकड आणि गारुड्याच्या टोपलीतला नाग.

युरोपातही तेच होते. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, राजा गेला, तेव्हा व्हर्सायच्या राजवाड्यात उरलेल्या जनावरांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. ती पॅरिसच्या वनस्पतिउद्यानात आणली गेली आणि १७९३-९४ च्या सुमारास तिथे लोकांसाठी प्राणिसंग्रह सुरू झाला. लंडनमध्ये १८२६ साली प्राणिशास्त्राची एक संस्था निघाली. तिने १८२८ साली आपली बाग उघडली, पण ती सभासदांपुरती. पैसे भरून कुणालाही आत जाण्याची मोकळीक मिळायला १८४७ साल उजाडावे लागले. राजवाड्याच्या आवारातून शहराच्या बागेत यायला जनावरांना असा वेळ लागला.

वाघ-सिंहांचे हे झाले. माशांचे काय?

मासा पिंजऱ्यात ठेवता येत नाही, ही पहिली अडचण. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून लोक सोनेरी मासे हौसेने पाळत आले, पण ते तळ्यांत आणि पुढे चिनी मातीच्या मोठ्या भांड्यांत. त्यामुळे मासा पाहायचा तो वरून. तळ्याच्या काठावर उभे राहून आपण पाहतो तसाच. पाठ दिसे, शेपटी हललेली दिसे. तोंड कसे उघडते, कल्ले कसे मिटतात, पोटाखालचे पर कसे चालतात, हे काही दिसत नसे. काचेच्या बरणीत मासा ठेवावा तर दोन दिवसांत पाणी खराब होई आणि मासा उलटा होऊन वर येई.

हे कोडे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सोडवले. १८४९ साली त्याने काचेच्या भांड्यात गोड्या पाण्यातले दोन लहान सोनेरी मासे ठेवले आणि फितीसारख्या लांब पानांची एक पाणवनस्पती लावली. त्याचा हिशेब सरळ होता. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, तो माशाला मिळेल. माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून जे पडते, त्यावर वनस्पती वाढेल. पण थोड्याच दिवसांत जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ, बुळबुळीत झाले. तेव्हा त्याने डबक्यातल्या काही गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजलेला पाला फस्त केला. इतकेच नव्हे, तर त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. पाणी नितळ राहिले, मासे जगले. १८५० साली वॉरिंग्टनने आपला प्रयोग जाहीर केला.

गुरुजनहो, या प्रयोगाकडे नीट पाहा. मासा, वनस्पती आणि गोगलगाय, तिघांतले एक काढले की बाकीचे दोन धोक्यात येतात. आपली विहीर, आपले तळे, आपली नदी याच हिशेबावर चालते. मोठमोठ्या मत्स्यालयांत आज पाणी खेळते ठेवायला पंप आहेत, गाळण्या आहेत, पण त्या सगळ्यांनी करायचे काम तेच, जे वॉरिंग्टनच्या भांड्यात गोगलगायीने आणि पानाने केले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली होती. इंग्लंडात काचेवर जबर कर असे. तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. ज्ञान आले, काच आली, मग उशीर कशाला? त्या प्राणिशास्त्र संस्थेने १८५३ साली आपल्या बागेत माशांचे घर बांधले आणि लोकांसाठी उघडले. जगातले हे पहिले सार्वजनिक मत्स्यालय. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गतज्ज्ञाने याच विषयावर पुस्तक लिहिले आणि ‘अॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. माणूस पहिल्यांदाच माशासमोर, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिला.

आता या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. माशांचे हे घर उभे राहण्याच्या चौदा वर्षे आधी, १८३९ साली, लंडनच्या याच संस्थेने दख्खनच्या माशांवरचा एक निबंध प्रसिद्ध केला होता. लिहिणारा होता कर्नल विल्यम सायक्स. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची माहिती गोळा करायला नेमले होते. शेती, जमीन, लोकसंख्या, पाऊस, पक्षी, मासे, या गृहस्थाने काही म्हणता काही सोडले नाही. भीमा, मुळा, मुठा या नद्यांतले मासे त्याने जमवले आणि त्यांचे वर्णन केले.

शास्त्रात माशाला नाव देताना दोन शब्द लागतात. सायक्सने त्यांतला दुसरा शब्द कित्येकदा इथल्या लोकांच्या तोंडचा घेतला. शिंगटी हा मिशाळ मासा नदीकाठच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतो. त्याचे जगन्मान्य शास्त्रीय नाव आजही ‘मिस्टस सींगटी’ आहे. दगडाला चिकटून राहणारा मल्या हा ‘गारा मुल्या’. कोळस याचे नावही तसेच शास्त्रात शिरले. आणि आपला दख्खनी महासीर, मोठाल्या खवल्यांचा तो ताकदवान मासा, त्याचे नाव ‘टॉर खुद्री’. सायक्सने तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिला. पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही देशातला शास्त्रज्ञ या माशांविषयी लिहितो, तेव्हा त्याला मराठी शब्द लिहावा लागतो. ज्यांच्या जाळ्यातून हे मासे आले आणि ज्यांच्या तोंडून ही नावे निघाली, त्या माणसांची नावे मात्र लोकांच्या ध्यानात उरली नाहीत. त्यांचे शब्द तेवढे राहिले.

इकडे मुंबईत भायखळ्याला १८६२ साली राणीचा बाग खुला झाला. आज त्याला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे. पुढे तिथे जनावरे आली आणि कोकण-देशावरून मुंबईला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची ती पहिली सहल ठरली. त्याच आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावरचा हा हत्ती. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो उचलून विलायतेला न्यायचा बेत झाला, तेव्हा तो खाली पडून फुटला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला गेला. मुलांना खरा हत्ती दाखवाल, तेव्हा हाही दाखवा.

स्वातंत्र्यानंतर २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. त्याला सुमारे आठ लाख रुपये खर्च आला आणि त्यांतले दोन लाख ज्या पारशी दात्याने दिले, त्याचे नाव त्याला मिळाले. समुद्रातले मासे होते, तसे गोड्या पाण्यातलेही होते. २०१५ साली नूतनीकरण करून ते पुन्हा उघडले गेले होते. घाटावरच्या, ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, अशा किती पिढ्यांनी इथे पहिल्यांदा कासवाला पोहताना पाहिले असेल!

पुण्यातही १९५३ साली पर्वतीच्या पायथ्याशी महानगरपालिकेने पेशवे पार्क सुरू केले. म्हणजे जिथे पेशव्यांचा शिकारखाना होता, त्याच परिसरात आता कुणाही शेतकऱ्याचे पोर खुशाल वाघ पाहू लागले. पुढे गर्दी वाढली, जागा अपुरी पडली आणि १९९९ साली तिथली जनावरे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेली. कात्रजचे तळे नानासाहेब पेशव्यांच्या काळचे. तिथून बंदिस्त नळाने पुण्याच्या हौदांना पाणी येत असे. शहराला पाणी पाजणाऱ्या तळ्याशेजारी आज सांबर, गवे आणि वाघ आहेत.

या काळात आणखीही एक बदल झाला, तो बाहेरून चटकन दिसत नाही. पूर्वी प्राणी आणायचे ते लोकांनी नवल करावे म्हणून. गज लावलेला अरुंद पिंजरा आणि आत येरझारा घालणारे जनावर, एवढाच तो देखावा असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राण्याला किती जागा, कसला निवारा, काय वैद्यक हवे, याचे नियम आले. प्राण्याला खडा मारणे, डिवचणे, आपल्या हातचे खायला घालणे हा आता नुसता अचरटपणा नाही, कायद्याने गुन्हा आहे. माकडाला शेंगा घालू नका, ही पाटी गंमत म्हणून लावलेली नसते.

इथवर गोष्ट चांगली झाली. राजाचे होते ते सर्वांचे झाले. पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली राणीच्या बागेत दक्षिण कोरियातून हंबोल्ट जातीचे पेंग्विन आले. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेचा किनारा. मुले त्यांच्यावर लट्टू झाली, आणि का होऊ नयेत? पण त्याच मुलांना शिंगटी ओळखता येते का, मल्या कुठे सापडतो, हे माहीत आहे का, विचारून पाहा. पेंग्विन ओळखणारे पोर गावच्या नदीतले चार मासे ओळखत नसेल, तर दोष त्याचा नाही. ते मासेच आता त्याला सहजी दिसत नाहीत.

कारणे तुमच्या डोळ्यांसमोरची आहेत. महासीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, वाहत्या, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालतो. वाटेत बंधारा आला की ती वाट बंद. वाळू उपसली की गोटे आणि डोह दोन्ही गेले. शहराचे सांडपाणी आले की पाण्यातला प्राणवायू गेला. वॉरिंग्टनच्या बरणीत पाने कुजली तेव्हा झाले तेच, फक्त इथे बरणी मैलोगणती लांब. कुठे सुरुंगाची दारू, कुठे विष टाकून मासे मारतात, त्यात पिल्लूसुद्धा वाचत नाही. परक्या माशांचीही भर पडली. चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ साली आफ्रिकी मूळचा मासा म्हणून देशात आणला गेला आणि आज धरणाधरणांत माजला आहे. घरातल्या काचपेटीतला सकर मासा मोठा झाला की लोक दया म्हणून नदीत सोडतात. ती दया स्थानिक माशांच्या जिवावर उठते.

मग राखायचे कसे? याचे उत्तर आपल्याकडे मत्स्यालयापेक्षा पुष्कळ जुने आहे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकू नयेत, अशी आज्ञा आहे. आपल्या गावोगावच्या देवाच्या डोहांचे मर्म हेच. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून कुणी जाळे टाकत नाही. वाडा तालुक्यात तिळशाला वैतरणेच्या पात्रात शिवाच्या देवळाजवळ तसाच डोह आहे. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात. या ठिकाणी काच नाही, तिकीट नाही, पंप नाही. नुसत्या एका शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या मासे जगले आहेत.

शास्त्रानेही हात दिला. मत्स्यव्यवसाय क्षेत्रातले जाणते शास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर दख्खनी महासीराची अंडी कृत्रिम रीतीने फलवून पिल्ले वाढवण्याचे तंत्र बसवले. तिथली बोटुकली पुढे दूरदूरच्या पाण्यात सोडली गेली. पण ज्या नदीत सोडायचे ती नदीच जिवंत नसेल, तर बोटुकली घेऊन करायचे काय?

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी सहलीला जरूर जा. पण जाण्याआधी मुलांना गावच्या नदीकाठी न्या आणि जुन्या कोळ्या-भोयांकडून माशांची नावे वहीत उतरवून घ्या. कोणता मासा पूर्वी मिळे आणि आता मिळत नाही, तेही लिहा. काचेसमोर उभे राहिलात की घाई करू नका. एका माशापाशी थांबा. तोंड वर वळलेले की खाली? मिशा आहेत का? तोंड खाली असेल तर तो तळाशी चरणारा. वर असेल तर पाण्यावरचे किडे टिपणारा. पाटीवर नाव वाचा आणि वहीतल्या नावाशी ताडून पाहा. परत आल्यावर शाळेत एक रुंद तोंडाची बरणी, ओढ्यातली पाणवनस्पती, दोन गोगलगायी आणि एक-दोन लहान मासे एवढ्यावर वॉरिंग्टनचा प्रयोग करून पाहा. महिन्याभराने मासे जिथून आणले तिथेच सोडा. दुसऱ्या पाण्यात नाही आणि दुकानातले तर नाहीच नाही.

आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला निघाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा, की ते अंडी घालायला वर निघालेले असतात. थोडे धरा, बाकीच्यांना वर जाऊ द्या. गावाने मिळून एखादा डोह राखून ठेवायचे ठरवले, तर त्याला ना सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागेल, ना लाखांचा खर्च येईल. तुमच्या नातवंडांना शिंगटी पाहायला मग शहराचे तिकीट काढावे लागणार नाही. पेशव्यांच्या शिकारखान्यापासून निघालेली ही वाट तुमच्या गावच्या नदीघाटापर्यंत आणून पोचवणे आता तुमच्या हाती आहे.